विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला अंदमानात स्कूबा जमंल का?

दुधनाकाठचा

राम राम मंडळी. प्रश्न येडपट वाटंल पण विचारूनच घेतो. आम्ही सेलूचे, जिल्हा परभणी. जानेवारीत मी, बायको आन् पोरगी (वय ११) अंदमानला जायलोत, तिकिटं काढून झालीत, आता तिथल्या हॅवलॉक बेटावर स्कूबा (पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली जायचं ते) करायचं का नाही ह्यावर घरात रोज खल चालूय. बायको म्हणायलीय करायचंच, एवढा पैसा घालून जायचं आन् काठावरनंच पाणी बघून यायचं का. तिला पोहता येत नाही बरं का. मला येतं, म्हणजे मामाच्या विहिरीत शिकलेलं, पाठीला डालड्याचा डबा बांधून ढकलून दिलं होतं, मग सुट्टीभर मुटके मारायचो आन् बुडी मारून तळाचा खडा वर आणायची शर्यत लावायचो. समुद्रात मात्र गुडघ्याच्या वर कधी गेलो नाही, ते पण गणपतीपुळ्याला एकदाच.

आता शंका. एक तर त्या विहिरीच्या तळाला गेलं की कान फुटतोय का काय असं व्हायचं, इथं तर म्हणे त्याच्याहून खोल नेतात. दुसरं, ऑक्सिजन मधीच संपला तर? तिसरं, मगर, शार्क वगैरे. आन् चौथं, आईनं सांगितलंय की तिकडनं येताना चांगलं पोवळं आण, धाकट्याला मंगळ आहे. तिथं दुकानात मिळतं का का पाण्यातच सापडतं?

विहिरीतला_बेडूक

२०१६ ला आमच्या लातूरला मिरजेवरनं रेल्वेनं पाणी आणलं होतं, आन् आता आपलेच लोक मासे बघायला समुद्राच्या तळाला निघाले. प्रगती हाय. मला काही माहीत नाही पण मी पण वाचायलो, कुणीतरी नीट सांगा.

मांजराकाठची

दादा, वहिनींना सांगा बिनधास्त करा. मी केजची, मला अजूनही पोहता येत नाही, आणि मी मागच्या वर्षी हॅवलॉकलाच केलंय (आता नाव स्वराज द्वीप आहे, पण बोटवाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे हॅवलॉकच म्हणतात). पहिल्यांदा करणाऱ्याला पोहणं लागत नाही, कारण एक इन्स्ट्रक्टर सगळा वेळ तुमच्या पाठीमागं तुमची टाकी धरून असतो. तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि बघायचं.

खरं अवघड काय आहे ते सांगते, कारण व्हिडिओत ते कुणी दाखवत नाही. आधी अर्धा तास कमरेएवढ्या पाण्यात सराव घेतात. मास्कमध्ये नाक सुद्धा झाकलेलं असतं, त्यामुळं श्वास तोंडानंच घ्यायचा, ते रबर दातात धरून. नाक बंद झालं की आपल्या डोक्याला वाटतं की श्वासच बंद झाला. मी तीनदा घाबरून उभी राहिले, पाणी कमरेएवढंच होतं आणि मी अशी धडपडले जसं काही बुडतेच आहे. चौथ्या वेळेला तो मुलगा म्हणाला ताई काही करू नका, फक्त माझे बुडबुडे मोजा. मी मोजत बसले आणि बारा-तेरा झाले तेव्हा कळलं की अरे आपण तर पाण्याखालीच आहोत!

एक गंमत. आत गेल्यावर मला इतकं भारी वाटलं की मी त्याला अंगठा दाखवला, म्हणजे मस्त चाललंय म्हणून. तर तो मला वर घेऊन निघाला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. ठीक आहे सांगायचं तर अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करायचा. हे सरावात सांगितलं होतं पण आनंदात कुठं लक्षात राहतं.

कपड्याचं विचारलं नाही तुम्ही, पण वहिनी नक्की विचारतील. आतून लेगिंग आणि टी-शर्ट, वरून अंगभर रबरी सूट देतात, काहीच उघडं राहत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी हॉटेलवर ठेवायची. केसाचा अंबाडा नको, मास्कचा पट्टा बसत नाही, खाली वेणी घालायची.

दिसलं काय तर केशरी-पांढरे पट्टेवाले जोकर मासे समुद्रफुलाच्या झुपक्यात. त्या झुपक्याचे दोरे दुसऱ्या माशाला डंख मारतात, ह्यांना मात्र काही होत नाही. हे मासे जन्मतात सगळे नर, घोळक्यात सगळ्यात मोठा असतो तो मादी होतो, आणि ती मेली की तिचा नवरा तिच्या जागी मादी होतो.

विहिरीतला_बेडूक

म्हणजे घरात जी मोठी ती मालकीण. आमच्याकडं पण हेच हाय, फक्त पाणी नाही.

लातूरचा_मास्तर

दुधनाकाठचे भाऊ, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे तो तळाचा खडा. विज्ञान शिकवतो म्हणून जरा लांबण लागंल, सहन करा.

पाण्यात दर १० मीटरला हवेचा एकेक दाब वाढत जातो. १० मीटर म्हणजे आपल्या विहिरीच्या भाषेत पाच-सहा परस. तिथं दाब वरच्या दुप्पट, म्हणून फुगा तिथं नेला की निम्मा होतो. विहिरीत तुम्ही वरनं छाती भरून दम घेता, खाली जाताना ती हवा आवळते, वर येताना परत तेवढीच होते. हिशेब बरोबर, म्हणून दम धरून बुडी मारली तरी छातीला काही होत नाही. स्कूबात मात्र तुम्ही खाली राहून, तिथल्या दाबाची हवा छातीत भरून घेता. आता १० मीटरवर छाती भरली, दम धरला आणि तसंच वर आलात, तर त्या हवेला दुप्पट जागा पाहिजे. ती जागा छातीत नाही. फुप्फुस फाटू शकतं, आणि त्याला १० मीटर लागत नाहीत, दीड-दोन मीटरमध्ये सुद्धा इजा झालेली आहे.

म्हणून स्कूबाचा पहिला नियम, दम धरायचाच नाही, श्वास सतत चालू. आणि नेमकं इथंच विहिरीवाले घसरतात! लहानपणापासून अंगात बसलंय, डोकं पाण्याखाली गेलं की दम धर. ज्याला पोहता येत नाही त्याला ही सवयच नसते. त्यामुळं मला तुमच्या मिसेसची काळजी नाही, तुमची आहे.

कानाचं. कानाच्या पडद्यामागं हवा असते, बाहेरनं पाणी दाबतं म्हणून दुखतं. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटून हळूच फुंकायचं, कानात पुट्ट होतं, दाब सारखा. विमान उतरताना करतो तेच. पण दुखायच्या आधी करायचं, दुखल्यावर नाही, आणि पहिल्या पाच-सात मीटरमध्ये तर दर अर्ध्या-पाऊण मीटरला करत जायचं कारण दाबाचा सगळ्यात मोठा फरक वरच्याच पाण्यात पडतो. नाही सुटला कान तर हातानं खूण करायची, थोडं वर यायचं, परत करायचं. जोर लावून फुंकायचं नाही. सर्दी असली तर त्या दिवशी जायचंच नाही, पैसे गेले तर गेले. आणि गोळी खाऊन नाक मोकळं करून तर मुळीच नाही, गोळीचा असर खाली उतरला की वर येताना हवा अडकून बसते.

नांदेड_ते_हैदराबाद

ते ऑक्सिजन नसतं भाऊ. कोविडपासून सगळ्यांच्या तोंडात बसलंय. टाकीत आपली साधीच हवा असते, गाळून, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन ६ मीटरच्या खाली गेलं तर झटके येऊ शकतात. टाकीचा दाब म्हणाल तर पंक्चरवाल्याकडं कारच्या चाकात ३०-३२ भरतो, हिच्यात ३०००. साधारण ११ लिटरची टाकी, आत सव्वादोन हजार लिटर हवा. काटा इन्स्ट्रक्टर बघत असतो, पाव टाकी शिल्लक असतानाच वर आणतात, नवशिक्याची फेरी अर्ध्या-पाऊण तासाची. जो घाबरून धापा टाकतो त्याची लवकर संपते, म्हणून तरी शांत राहा.

मी ओपन वॉटर कोर्स केलाय, तीन-चार दिवस लागतात, १८ मीटरपर्यंतचं सर्टिफिकेट मिळतं. त्याला मात्र पोहणं लागतं, २०० मीटर आन् १० मिनिटं नुसतं तरंगणं. माझं मत विचारलं तर वेळ असंल तर कोर्सच करा, एका बुडीत काय कळतं. पण फॅमिली संगं आहे तर राहू द्या. कोर्स नसलेल्याला १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, नेतो म्हणला तर त्याच्याकडं जाऊ नका. पोरगी ११ ची आहे तर चालंल, १० पूर्ण पाहिजेत.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. स्कूबा ट्रिपच्या सुरुवातीला ठेवा, शेवटच्या दिवशी नाही. दाबाखाली अंगात नायट्रोजन मुरतो, तो हळूहळू निघायला पाहिजे. एकच बुडी असंल तर कमीत कमी १२ तास, जास्त असतील तर १८ तास विमानात बसायचं नाही. आपले लोक सकाळी स्कूबा, दुपारी बोट, संध्याकाळी फ्लाइट असं बसवतात.

दुसरं, फॉर्म. दमा, फिट, हृदयाचं काही, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, सगळं विचारलेलं असतं आन् आपण बँकेच्या फॉर्मवाणी न वाचता सगळीकडं 'नाही' करून सही ठोकतो. असं करू नका. दमा असंल तर आधी डॉक्टरला विचारा.

गोदातीर

वरचे सगळे छान छान सांगायलेत म्हणून मी जरा कडू बोलतो. मी स्कूबा केलं पण अंदमानात नाही, आपल्या महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर, मे महिन्यात, गर्दीत. जागेचं नाव घेत नाही, ऑपरेटरचं पण नाही. होडीत आम्ही चौदा जण, सराव म्हणजे होडीच्या कडेला दोन मिनिटं, आणि एकेकाला खाली नेऊन एका खडकाला धरून उभं करायचे, पोरगा वरनं बिस्किटाचा पुडा फोडायचा, मासे झुंबड करायचे, फोटो झाला की पुढचा. सात मिनिटं. माझा कान सुटला नव्हता, मी डोकं हलवत होतो तर त्याला वाटलं मी पोज द्यायलोय. आठ दिवस कानात शिट्टी वाजत होती, नांदेडच्या डॉक्टरांनी बघितलं तर पडद्यावर रक्त साकळलेलं.

म्हणून पैशावर घासाघीस करू नका. आधी तीनच प्रश्न विचारा. एका इन्स्ट्रक्टरमागं किती माणसं? (पहिल्यांदा असंल तर एकच पाहिजे.) उथळ पाण्यात सराव किती वेळ? आणि माशाला खायला घालता का? घालतो म्हणला की फोन ठेवा. बिस्किट-पावावर सवकलेले मासे शेवाळ खायचे सोडतात आणि ते शेवाळ प्रवाळावर चढतं.

मांजराकाठची

गोदातीर दादा, वाईट झालं. पण सगळं मालवण-तारकर्लीकडं असंच असतं असं नाही हं, माझ्या भावानं तिथं डिसेंबरात केलं, चांगला अनुभव होता. फक्त आपल्याकडचं पाणी गढूळ असतं, लांबचं दिसत नाही, आणि पावसाळ्यात बंदच.

दुधनाकाठचा

सगळ्यांचे लै आभार, बायकोला सगळं वाचून दाखवलं. मास्तरांचं ऐकून ती आता माझ्याकडं बघून हसायलीय. मगरीचं आन् पोवळ्याचं राहिलं की पण. आन् एक नवीन शंका, मला मोठ्या मिशा आहेत. मास्क बसंल का?

नांदेड_ते_हैदराबाद

मिशीतनं पाणी शिरतं हे खरंय. नाकाखालची, म्हणजे वरच्या कडेची एक बारीक पट्टी काढली तरी रबर कातड्याला टेकतं. काही जण व्हॅसलीन लावतात, ते नको, रबर खराब होतं, त्यासाठी सिलिकॉनचं ग्रीस मिळतं. थोडं पाणी आलंच तर मास्कची वरची कड दाबून नाकानं फुंकायचं, खालनं निघून जातं, सरावात शिकवतात.

मगर. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे, खोटं कशाला बोला, २०१० ला हॅवलॉकलाच एका परदेशी पाहुणीचा जीव गेलाय. खाडी, तिवराचं जंगल अशा जागी असते. वनखात्याच्या पाट्या आहेत, जिथं पोहू नका लिहिलंय तिथं पोहायचं नाही, एवढं पाळलं की झालं. स्कूबावाले नेतात त्या जागा वेगळ्या. शार्क दिसला तर नशीब समजा, काळ्या टोकाच्या पंखाचा दीड मीटरचा असतो, तोच पळून जातो. डंख होतो तो न हलणाऱ्या जिवांचा. दगडमासा खडकासारखाच दिसतो आन् पाठीवर विषारी काटे. म्हणून कशालाच हात लावायचा नाही.

लातूरचा_मास्तर

पोवळ्याचं मी सांगतो, कारण हे चुकलं तर तुरुंग आहे. थट्टा नाही.

अंगठीतलं लाल पोवळं आणि अंदमानातलं प्रवाळ ह्या दोन वेगळ्या जाती. अंगठीतलं बहुतेक भूमध्य समुद्रातलं किंवा जपान-तैवानकडचं, ते इथल्या सराफाकडंच मिळतं. अंदमानात दिसतं ते वन्यजीव कायद्याच्या (१९७२ चा) पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. मेलेलं, किनाऱ्यावर पडलेलं पांढरं तुकडं सुद्धा खिशात घालायचं नाही. शिक्षा तीन ते सात वर्षं. विमानतळावर बॅगा बघतात.

आणि तो दगड नाहीच मुळी, जनावर आहे. जोंधळ्याच्या दाण्याएवढे नाहीतर त्याहून लहान जीव, प्रत्येकाला एक तोंड आणि भोवती दोरे, आणि बुडाखाली चुन्याचं घर. पिढ्यानपिढ्या घरावर घर. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हात अन्न बनवून मालकाला देतं, रंगही त्याचाच. बटईची शेती समजा. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जरी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की हा बटईदार निघून जातो आणि प्रवाळ पांढरं फटक पडतं. १९९८, २०१०, २०१६, अंदमान-लक्षद्वीपला हे तीनदा मोठ्या प्रमाणात झालं. २०२४ ला परत, लक्षद्वीपला जास्त. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं, नाही निवलं तर जीव उपाशी मरतो. तेव्हा तुम्हाला काही ठिकाणी नुसता राखाडी मलबा दिसंल, तयारी ठेवा.

रंगाचं पण. पाणी पहिल्यांदा लाल रंग खातं. सात-आठ मीटरवर लाल टी-शर्ट मातकट दिसतो. जाहिरातीतले भडक फोटो टॉर्च लावून काढलेले असतात. उलट मास्कमुळं सगळं एक तृतीयांश मोठं दिसतं, त्यामुळं मासा केवढा होता हे घरी येऊन सांगताना तेवढं वजा करा.

विहिरीतला_बेडूक

मास्तर, वजा केलं तर सांगण्यात मजा काय राहिली.

दुधनाकाठचा

मंडळी, जाऊन आलो. विसरलो नाही, फक्त तुरीची रास चालू होती म्हणून लिहायला उशीर झाला.

नेमो रीफ म्हणून जागा आहे हॅवलॉकला, किनाऱ्यावरनं चालतच पाण्यात जाता येतं, तिथं केलं. पाणी कोमट. गोदातीर भाऊंचे तीन प्रश्न फोनवर विचारले, एकानं फोन कट केला, दुसरा हसून म्हणला सर कुठून बोलताय, मराठवाडा का, आन् नीट उत्तरं दिली. तिघांना तीन इन्स्ट्रक्टर.

आता मास्तरांचं भाकीत. बायको पहिल्या दहा मिनिटांत तयार. खाली बसली ती अशी श्वास घ्यायली जशी दुपारची झोपलीय, लांब लांब, सावकाश. पोरीचं पण झालं, तिचा डावा कान जरा अडला, तिनं हात हलवून खूण केली, त्यांनी मीटरभर वर आणलं, सुटला. आन् मी? डोकं बुडालं की दम आपोआप धरला जायचा. मुद्दाम नाही हो, कळायचंच नाही. फुगल्यासारखा वर जायचो. तो पोरगा माझ्या छातीवर टकटक करायचा आन् बोटानं आत-बाहेर, आत-बाहेर दाखवायचा. चाळीस वर्षाची सवय, चाळीस मिनिटात कुठं जाती. चौथ्यांदा जमलं. मग मी तोंडातल्या तोंडात हरिपाठ म्हणायला लागलो, म्हणताना श्वास सोडावाच लागतो ना. ही युक्ती विहिरीवाल्यांसाठी सांगून ठेवतो.

खाली सहा-सात मीटरवर गेल्यावर एक आवाज यायला लागला. कर्र, कर्र, कर्र. कुठनं यायलाय कळंना, पाण्यात आवाजाची दिशाच लागत नाही. इतका वळखीचा आवाज की मला वाटलं कानातच काहीतरी झालं. मग त्यानं बोट दाखवलं, हिरवा-निळा हातभर मासा, तोंडाला राघूवाणी चोच, आन् तो खडक चावायलाय. खराच चावायलाय, चोचीचे पांढरे ओरखडे उठायलेत, आन् थोडं पुढं गेला की शेपटीखालनं पांढऱ्या वाळूची पिचकारी. वर आल्यावर इन्स्ट्रक्टरनं सांगितलं की खडकावरचं शेवाळ खायला तो खडकासकट चावतो, चुना पचत नाही म्हणून वाळू करून सोडतो, हे पांढरे किनारे बऱ्यापैकी ह्याचंच काम. मला आठवलं कुठं ऐकलाय हा आवाज ते. पहाटं गोठ्यात म्हैस कडबा खाती, अगदी तस्सा.

मेलेलं प्रवाळ पण दिसलं, लै होतं, मोडलेल्या काटक्यांच्या ढिगावाणी. खोटं नाही सांगत.

आईला पोवळं आणलं नाही. सराफाकडनं घेऊन देतो म्हणलं तर म्हणाली, त्यात जीव असतो व्हय रे, मग राहू दे, मारुतीला तेल घालू.

मांजराकाठची

वहिनींना माझ्याकडून गोल खूण सांगा, अंगठा नाही!

दुधनाकाठचा

सांगितलं ताई. ती आता नांदेड-हैदराबाद भाऊंचा कोर्स किती दिवसाचा ते विचारायलीय. त्याला पोहणं लागतं म्हणलं तर म्हणती, मामाची विहीर आहे की. आन् डालड्याचा डबा माळ्यावर शोधायलीय.

विहिरीतला_बेडूक

ते सगळं ठीक. मिशी राहिली का गेली?

दुधनाकाठचा

वरची एक पट्टी काढली. पोरगी म्हणायली, बाबा, त्या माशानं चावल्यासारखी दिसतीय.